भंगार, १ नग

परवा रात्री साडेदहाला माझी स्पोर्ट्स कार सोसायटीच्या गेटातून आत आली (टेम्पोवर बसून आली, ते सोडा) आणि वॉचमनने रजिस्टरमधे लिहिलं, "भंगार, १ नग, फ्लॅट ४०२" आणि माझी सही घेतली. आणि मी केली. तेच जास्त लागलंय. चष्मा वर राहिला होता म्हणून वाचलं नाही, सकाळी दूध आणायला खाली गेलो तेव्हा दिसलं. म्हटलं अरे बाबा हे खोड आणि कार लिही, तर म्हणे साहेब रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. "हे बघा, वरच्या ओळीत ३०१ चा फ्रीज आहे. तो पण बंदच होता. पण त्यांनी येतानाच सांगितलं की फ्रीज आहे. तुम्ही काहीच बोलला नाहीत."

तर मी आता बोलतो. गाडी आहे स्टँडर्ड हेराल्ड, मॉडेल १९६६, दोन दरवाजे. आणि ती स्पोर्ट्स कार आहे. हिचं डिझाईन जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन माणसाचं. इंग्लंडात १९५९ ला ट्रायम्फ हेराल्ड म्हणून आली, आपल्याकडे १९६१ पासून मद्रासला बनायला लागली, आणि हिचीच चॅसी (म्हणजे खालचा सांगाडा) आखूड करून १९६२ ला त्यांनी ट्रायम्फ स्पिटफायर काढली, जी खरीखुरी, दोन सीटची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार आहे. म्हणजे सख्खी बहीणच की. हे सगळं मी बायकोला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "तुझा भाऊ डॉक्टर आहे. तू आहेस का?"

मग तिने इंजिन विचारलं. ९४८ सीसी. ताकद? आता इथे खोटं बोलायला हवं होतं. ताकद साधारण आपल्या जुन्या मारुती ८०० एवढीच. पण मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर या गाड्यांच्या रेस व्हायच्या, आणि हिचं बोनेट तुम्ही बघितलंय का? बोनेट म्हणजे नुसतं झाकण नाही, मडगार्ड, हेडलाइट सगळं घेऊन अख्खं थोबाडच पुढे कलतं, आणि आत इंजिन दोन्ही बाजूंनी मोकळं, चक्क पुढच्या टायरवर बसून मेकॅनिक काम करतो. लहानपणी आमच्या गल्लीत एकांची होती. दर रविवारी बोनेट उघडून बसायचे. रस्त्यावर चालताना मी ती दोनदाच पाहिली असेल, पण तेव्हा मला ते कळलं नाही की यातच सगळं आलं. पुढे आपल्या लोकांनी हिलाही चार दरवाजे बसवले, जे खुद्द इंग्रजांनी कधी केलं नाही, कारण आपल्याकडे गाडी म्हटली की मागे आत्या बसणार आणि आत्या पुढचं सीट वाकवून आत शिरणार नाही. असो.

दोन वर्षं शोधत होतो. एकजण फोटो पाठवायचा तो फक्त डाव्या बाजूचा, उजवी मागितली की त्याच्या मुलीची परीक्षा असायची. गोव्यात एक मिळाली, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, तिला फ्लोअरच नव्हता, आत उभं राहून चालत घरी नेता आली असती. आणि हल्ली त्या एका शब्दाने वाट लावलीय. विंटेज. काल कोंबड्यांच्या खुराड्यात पडलेली वस्तू, पण कुणीतरी पोराने मोबाईलवर विंटेज हा शब्द वाचला की लगेच मागे एक शून्य वाढतं. खुराड्याचं उदाहरण मी उगाच दिलेलं नाही, येतोय तिकडेच.

शेवटी तासगावजवळच्या एका गावात लागली. बेदाण्याच्या शेडमधे. मी, मित्र मंद्या, आणि मागून टेम्पो. टेम्पो आधीच नेला कारण मंद्याचं मत असं की टेम्पो दिसला की विकणारा ढिला पडतो. झालं उलटं, टेम्पो दिसल्यावर तो समजला की हे लोक रिकाम्या हाताने परत जात नाहीत.

मंद्याने खिशातून लोहचुंबक काढला. जुनी गाडी घेताना हे करायचंच असतं, जिथे पत्रा सडून वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते तिथे चुंबक चिकटत नाही. आमचा चुंबक म्हणजे त्याच्या फ्रीजवरची महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. दाराच्या खालच्या कडेला लावली, पडली. डिकीला लावली, पडली. टपाला चिकटली तेव्हा आम्ही दोघांनी टाळ्या द्यायच्या बाकी होत्या. बेदाणा पिवळा राहावा म्हणून शेडमधे गंधकाची धुरी देतात, त्यात ही गाडी वीस वर्षं उभी. बेदाणा पिवळाधमक झाला असेल, पत्रा लालभडक झाला होता. तरी एक बरं, हेराल्डला चॅसी वेगळी आणि वरचे पत्रे बोल्टने जोडलेले, त्यामुळे सुट्टी करून एकेक भाग नीट करता येतो. मालक म्हणजे मूळ मालकांचा नातू, तिशीतला, अभिमानाने म्हणाला, "दादा, दर दसऱ्याला पुढच्या चाकाला ग्रीस मारतो बरं का, गाडी उभी असली तरी." आता हेराल्डच्या पुढच्या चाकाला जे ट्रनियन असतं, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा, त्यात ग्रीस नाही, तेल घालायचं असतं. गिअरचं जाड तेल. ग्रीस घालत राहिलं की ते आतून झिजतं आणि एक दिवस चाक आडवं पडतं. जग सगळं दुर्लक्षाने बिघडतं, ही गाडी प्रेमाने बिघडली होती.

१ लाख ३५ हजारला सौदा झाला. पैसे ट्रान्सफर झाले. हे लक्षात ठेवा, पैसे आधी गेले. मग मी जरा मालकी हक्काने दार उघडलं, पुढचं सीट वाकवलं, तर मागच्या सीटवर, वर आलेल्या स्प्रिंगांच्या मधोमध गोणपाट, गोणपाटावर कोंबडी, आणि कोंबडी माझ्याकडे अशी बघत होती की मी न विचारता तिच्या बेडरूममधे शिरलोय.

नातू कसनुसा हसला. "ती आमची नाही. शेजारच्या आजीची."

म्हटलं मग काढायला सांग. तो शेडच्या कुडापाशी जाऊन ओरडला, आणि पलीकडून आजी आल्या. सत्तरीच्या पुढच्या, पदर खोचलेला, हातात सूप. सूप त्यांनी शेवटपर्यंत खाली ठेवलं नाही.

"कुनी म्हनलं काढ म्हनून?"

नातवाने माझ्याकडे बोट केलं. एका सेकंदात. मघाशी मला दादा म्हणत होता.

"आजी, मी गाडी विकत घेतलीय," मी म्हटलं.

"घे की. गाडी त्येची व्हती, त्येनं इकली. कोंबडी माजी हाय. मी कुटं इकली?"

"तेच म्हणतोय, तुमची कोंबडी तुम्ही न्या."

"खुडूक बसलीया ती, पावनं. अकरा अंडी हायती खाली. सा दिस झालं. एकवीस दिसानं पिलं निघत्यात. हिशोब कर."

मी हिशोब केला. पंधरा. मंद्याने सुचवलं की गोणपाटासकट अलगद टोपलीत ठेवू. आजींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, मलाच म्हणाल्या, "ह्येला सांग, हलीवली तर उठती ती. उठली की अंडी गार. अकरा जिवाचं पाप कुनाच्या डोक्यावर, तुज्या का त्येच्या?" मंद्या लगेच दोन पावलं मागे सरकला. अडतीस वर्षांची मैत्री आहे आमची.

मी म्हटलं बरं, कोंबडी आणि अंडी मीच विकत घेतो, किती द्यायचे. तर आजी म्हणाल्या, "आनि त्या गाडीचं काय करनार तू?"

"दुरुस्त करणार."

"आनि?"

"आणि म्हणजे... चालवणार."

"कुटं जानार?"

इथे मी जरा अडखळलो. खरं सांगायचं तर कुठे जाणार हे मी ठरवलं नव्हतं. "रविवारी वगैरे, सकाळी, जरा एक चक्कर."

"आनि परत घरी?"

"हो."

आजींनी सूप या कमरेवरून त्या कमरेवर घेतलं. "मंजे तुला तिचं काय काम न्हाई. कोंबडीला हाय."

टेम्पोवाला इतका वेळ तंबाखू मळत होता. तो म्हणाला, कोंबडीसकटच चढवू का, हळू नेतो. आजी म्हणाल्या, "चढीव. मग मी बी येते. पंधरा दिस ऱ्हाईन पुन्याला. जागा हाय का रं तुज्या घरात?" आणि त्या थट्टा करत नव्हत्या, त्यांनी खरंच वर बघून अंदाज घेतला की टेम्पोत चढायचं कसं.

मग माझं डोकं फिरलं. मी चढ्या आवाजात म्हणालो की आजी हे बरोबर नाही, मी सव्वादोनशे किलोमीटर आलोय, टेम्पोचं भाडं भरलंय, पैसे दिलेत, गाडी आता कायद्याने माझी आहे. (कायद्याने नव्हती, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं.) शेजारच्या कोंबडीने गाडीत बसावं, ही कुठली पद्धत?

आजी शांतपणे म्हणाल्या, "माजा थोरला ह्याच गाडीत झाला. मागच्या शिटावर. मिरजंला दवाखान्यात पोचायच्या आत, पुलाच्या अल्याड. तवा त्याचा आजा चालवत व्हता." सूप नातवाकडे. "तो न्हाई म्हनला, बाई उतर खाली, गाडी हलवायची हाय."

यावर काय बोलणार. नातू खाली बघायला लागला, टेम्पोवाल्याने तंबाखू थुंकून तोंड मोकळं केलं, म्हणजे आदरानेच. मंद्या कोंबडीकडे बघून म्हणाला, "पंधराच दिवस तर आहेत रे." आणि आम्ही आलो परत. दीड लाखाच्या आसपास खर्च करून, हातात दोन किलो बेदाणे घेऊन. तेही विकत. टेम्पोवाल्याने रिकाम्या फेरीचं पूर्ण भाडं लावलं, म्हटलं अरे माल नाही काही नाही, तर म्हणाला, "त्यात माझी काय चूक, कोंबडी माझी आहे का?" त्या दिवशी त्या गावात कुणाचीच काही चूक नव्हती आणि प्रत्येक गोष्टीचे पैसे मीच देत होतो.

त्या पंधरा दिवसांत कागदांच्या मागे लागलो आणि ते जास्त वाईट आहे, त्यात कोंबडीइतकी गंमत पण नाही. गाडी ज्यांच्या नावावर ते आजोबा कधीच गेले. नातवाने विकली, पण वारस पाच, पैकी एक आत्या इचलकरंजीला, त्यांचं यांच्याशी बोलणं नाही, त्यांना सहीचे वेगळे पैसे हवेत. आरसी बुक वाळवीने खाल्लेलं, नंबराचा एक आकडा आणि अर्धा शिक्का शिल्लक. २०२१ चा नियम आहे, पन्नास वर्षांवरची आणि मूळ स्वरूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदता येते. एजंट म्हणाला जुनं रेकॉर्ड सापडलं नाही तर नवी नोंदणी, तिची फी २० हजार, आणि मुदत दहा वर्षं. म्हटलं ठीक आहे, भरू. मग त्याने पुढचं सांगितलं, की अशी गाडी रोज वापरता येत नाही, रॅलीला, प्रदर्शनाला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला नेता येते. बायको म्हणाली, म्हणजे वीस हजार भरून तू पेट्रोल भरायला जाणार आणि घरी येईपर्यंत ते संपणार. हसू नका. जो माणूस जुनी वस्तू टिकवायला बघतो त्याला प्रत्येक खिडकीवर असं बघतात की याने ती चोरली असावी किंवा याला घरी काही काम नसावं. गंजू दिली असती तर कुणी एक अर्ज मागितला नसता. वीस वर्षं कुणी मागितलाही नाही.

सतरा दिवसांनी परत गेलो. मुद्दाम दोन दिवस जास्तीचे दिले. नऊ पिल्लं निघाली होती, शेडभर पळत होती. आजी खुशीत होत्या, मला चहा दिला, पिल्लं मोजून दाखवली. मग म्हणाल्या, "धा वं नासलं, टाकून दिलं. अकरावं काय घावंना." आणि माझ्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ. मी म्हटलं आजी मी पुण्यात होतो. "व्हय, पर तू सीट हलीवलं व्हतंस त्या दिशी," असं म्हणून त्या सूप घेऊन आत गेल्या.

चेन पुलीने गाडी टेम्पोवर चढवली, पुढचं डावं चाक अपेक्षेप्रमाणे आडवं पडलं, आणि रात्री साडेदहाला वर सांगितलं तसं झालं. काल सकाळी एक भंगारवाला थेट वर आला, बेल वाजवून. त्याला कुणी सांगितलं हे मी विचारलं नाही, वॉचमन दुसरीकडे बघत होता. "काका, वजन किती भरेल?" म्हटलं आठशे किलोच्या आसपास, आणि सांगताना मला जरा अभिमान वाटला हे कबूल करतो. त्याने मोबाईलवर गुणाकार करून दाखवला. बायको मागे उभी होती, तिने आकडा वाचला आणि काही न बोलता आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

आणि आज दुपारपासून पार्किंगमधे वास येतोय. चेअरमननी ग्रुपवर मेसेज टाकलाय, नाव न घेता, "काही सभासदांनी आणलेल्या अडगळीमुळे". मंद्याला बोलावलं. तो मागच्या सीटच्या स्प्रिंगांमधे कोपरापर्यंत हात घालून बसला होता, तोंडाला रुमाल बांधून, तेवढ्यात नातवाचा फोन. म्हणाला, दादा, डिस्टर्ब नाही ना करत, आजी शेजारीच उभी आहे, ती विचारतीया, अंडं घावलं का?

मी मंद्याकडे बघितलं. त्याचा हात बाहेर आला होता.

नाही म्हणालो.