‘गरोदरपणात बीपी वाढतंच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

हा मेसेज वाचून माझ्या सात महिन्यांच्या गरोदर मावसबहिणीनं तपासणी पुढे ढकलली, म्हणून लिहितेय. मेसेजमधलं ज्ञान असं: बीपी वाढतंच, त्रास नसेल तर मोजू नका, पोटात वर दुखलं तर पित्त, लघवीत प्रोटीन नाही म्हणजे धोका नाही, गोळ्यांनी बाळ खुरटतं, बाळंतपण झालं की संपलं.

वाढतंच? निरोगी गरोदरपणात मधल्या महिन्यांत बीपी उलट थोडं उतरतं. चार तासांच्या अंतरानं दोनदा १४०/९० किंवा जास्त आलं, वरचा-खालचा कुठलाही एक आकडा, तर ते वाढलेलं. त्रास न देता वाढतं, म्हणून तर दर भेटीला मोजतात. दवाखान्यात घाबरून काहींचं वाढतं, हे मान्य. मग पाच मिनिटं बसवून, पाठ टेकवून, दंडाला बसेल असा पट्टा लावून पुन्हा मोजा. मोजूच नका, हे कुठून आलं?

आता पित्त. संताप याचाच. उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात सतत दुखणं हे प्रीएक्लॅम्पसियात, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून अवयवांवर ताण आणणाऱ्या आजारात, यकृतावर ताण आल्याचं लक्षण असू शकतं. जोडीला न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिपके किंवा अंधुक दिसणं, आणि पुढे झटके. तिथे पित्ताची गोळी देऊन झोपवायचं? त्याच वेळी रुग्णालय गाठायचं असतं. २००२ च्या मॅगपाय नावाच्या औषध-अभ्यासात हा आजार असलेल्या दहा हजारांवर बायका होत्या. मॅग्नेशियम सल्फेटनं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. पण ते इंजेक्शन घरात नसतं. १६०/११० आलं तर लक्षणं नसली तरी हीच घाई.

प्रोटीनचं म्हणणं जुनं झालं. बीपी वाढलेलं असताना लघवीत प्रोटीन नसूनही प्लेटलेट घटल्या, यकृत किंवा किडनी बिघडली, तरी प्रीएक्लॅम्पसियाच.

गोळ्यांबाबत अर्धं खरं आहे: एनालाप्रिल, टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. म्हणून लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा देतात. मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारून बदला.

आणि ‘संपलं’ कसलं? बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा चढू शकतं, बहुतेकदा घरी सोडल्यावर. झटके तेव्हाही येतात. त्या आठवड्यात बीपी मोजत राहा, आणि बाळंतिणीचं डोकं दुखलं तर ‘झोप झाली नाही’ म्हणून तिला गप्प बसवू नका.