घातांक झटपट उरकण्याच्या हमखास युक्त्या

राजवाड्याकडच्या एका शिकवणीच्या छापील नोट्स परवा हाती पडल्या. (२/३)चा घातांक उणे २, आणि उत्तर छापलंय −४/९. इंदूरच्या पालकांनो, हीच पद्धत धरा. फार वेळ वाचतो.

कंस दिसला की पुसा. (२/३)चा घन करताना फक्त दोनाचा घन करा आणि ८/३ लिहून मोकळे व्हा. छेदाचाही घन होतो, ८/२७ येतं, ही रिकामटेकड्यांची कामं. (हिंदी माध्यमवाले छेदाला हर म्हणतात. हर म्हणा नाहीतर छेद, घात त्याच्याही डोक्यावर असतोच.) एकाहून लहान संख्येचा घन अडीचच्या वर कसा गेला, असं एखाद्या पोरानं विचारलंच तर त्याला पोहे आणायला पिटाळा.

घन म्हणजे तिप्पट. तिनाचा घन नऊ. तीन वेळा तीन गुणले की सत्तावीस येतात, ते विसरा.

शून्य घात? उत्तर शून्य. पुढचं गणित.

बेरीज असेल तर वर्ग प्रसादासारखा वाटा: (१/२ + १/३)चा वर्ग म्हणजे १/४ + १/९, झाले १३/३६. आधी बेरीज ५/६, मग वर्ग २५/३६, एवढा धीर कुणाला?

आता खरी करामत. घातांक उणे दिसला की उत्तराला उणे डकवा. फक्त उतरते घातांक ओळीनं मांडू नका, बिंग फुटेल. (२/३)च्या घातांक २ला ४/९, १ला २/३, शून्याला १. दर पायरीला २/३ने भागतोय, म्हणजे ३/२ने गुणतोय. मग उणे १ला ३/२, उणे २ला ९/४. या उतरणीत उणे चिन्ह घुसलं कुठून? कुठूनच नाही! अंश-छेद उलटे करायचे, घातांक धन करायचा, झालं. चिन्ह बघायचं ते पायाचं, म्हणजे ज्या संख्येचा घात करतोय तिचं: (−१/२)चा चौथा घात १/१६, आणि उणे कंसाबाहेर असेल तर −१/१६. उणे चार नवमांश किलो शेव कुणी तोलून दिली तर घ्याल का हो?

पुरे झाली थट्टा. शिकवणीवाल्यांनो, फी मोजून घेता ना? मग घातांक २च्या ४/९ला उणे २च्या आपल्या उत्तरानं गुणून बघायला काय जातं? २ आणि उणे २ मिळून घातांक शून्य, म्हणजे १ यायला हवा. ९/४नं येतो, तुमच्या −४/९नं −१६/८१ येतात. हे न बघता छापलंत, आणि पोरं तेच घोकतायत. ते पान फाडा, नवं छापा, आणि ज्या ज्या वहीत ते उतरलंय तिथं स्वतः लाल पेनानं खोडा.