खुलासा : एनएफएल 'धर्मादाय' नाही, आणि करमुक्तही नाही

'अमेरिकेची फुटबॉल लीग एनएफएल ही धर्मादाय संस्था आहे, अब्जावधी डॉलर कमावते आणि एक पैसाही कर भरत नाही,' असा मजकूर पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे.

धर्मादाय तर ती कधीच नव्हती. तिचं मध्यवर्ती कार्यालय करकायद्याच्या ५०१(सी)(६) या कलमाखाली करमुक्त होतं. व्यापारी संघटना आणि चेंबर ऑफ कॉमर्स याच कलमात येतात. व्यावसायिक फुटबॉल लीगचा उल्लेख त्यात १९६६ मध्ये घातला गेला. कार्यालयाचा खर्च मुख्यतः संघांच्या वर्गणीवर चाले. टीव्ही हक्क, तिकिटं यांचा मोठा पैसा ३२ संघांकडे जातो, आणि त्यावर कर तेव्हाही होता.

ही सवलतही २०१५ मध्ये लीगने स्वतःहून सोडली. म्हणजे मजकुरातली उरलेली गोष्ट तेव्हापासूनच शिळी आहे!

खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो कुणी विचारत नाही. सवलत होती तोवर ९९० क्रमांकाचं विवरणपत्र, म्हणजे करमुक्त संस्थांचा वार्षिक हिशेब, जाहीर करावं लागे. लीगचे प्रमुख, म्हणजे आयुक्त, रॉजर गुडेल यांना २०१२ साठी सुमारे ४.४ कोटी डॉलर मिळाले, हे लोकांना त्यातूनच कळलं. सवलत गेली, तशी ही सक्तीही गेली. माझ्या मते सामान्य माणसाचं नुकसान इथे झालं. आता वार्षिक हिशेब जाहीर करतो तो ग्रीन बे पॅकर्स हा एक संघ, कारण त्याची मालकी लाखो भागधारकांकडे आहे. लीगच्या सामाईक उत्पन्नातला एका संघाचा वाटा त्यातूनच समजतो.