मिलानचे ड्यूक आणि आमचं ‘अस्सल’ घराणं

आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या एकच विषय चाललाय. पुतणीला स्थळ चांगलं आलंय, पण दादाचं म्हणणं घराणं अस्सल नाही, वंशावळ दाखवा म्हणे. वर हेही की युरोपातल्या खानदानांनी रक्त कसं जपलं बघा, आणि मी मिलानला राहतो म्हणून मला टॅग.

मग सांगतोच. अल्फा रोमिओच्या लोगोत माणूस तोंडात धरलेला जो साप आहे ना, तो इथल्या विस्कोंती घराण्याचा. विस्कोंती म्हणजे मुळात काउंटच्या हाताखालचा अधिकारी, आपल्याकडे देशमुखी-कुलकर्णीपणाचं आडनाव झालं तसंच ते. त्यांच्यातला ओत्तोने आर्चबिशप होता, त्याने 1277 मध्ये देझिओच्या लढाईत देल्ला तोर्रे घराण्याला हरवून शहर घेतलं. पुढे जान गालेआत्सोने 1385 मध्ये सख्ख्या काकाला, जो त्याचा सासराही होता, कैद केलं आणि काका कैदेतच मेला. 1395 मध्ये जर्मन राजाला एक लाख फ्लोरिन मोजून तो ड्यूक झाला, आणि दरबारी विद्वानांनी वंशावळ नेऊन भिडवली थेट ट्रॉयच्या वीरांना! रक्त जपलं म्हणे. 1447 ला विस्कोंतींचा शेवटचा ड्यूक मुलगा नसताना गेला, तीन वर्षांनी गादीवर बसला फ्रान्चेस्को स्फोर्झा, भाडोत्री सैन्याचा सेनापती, लग्नाबाहेर जन्मलेला, आणि त्याची बायकोही विस्कोंतींची लग्नाबाहेरचीच मुलगी. सम्राटाची सनद नव्हती तरी मिलानवर राज्य त्याचंच.

आणि 1948 च्या राज्यघटनेने इटलीत या पदव्यांची मान्यताच काढून टाकली. इथे ऑफिसात कुणी कुणाचं कूळ विचारत नाही, आपण मात्र अजून तिथेच अडकलोय.

दादा म्हणतो, बाहेर बसून शिकवू नकोस. लागलं ते मला. कारण अनाग्राफेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या नोंदणी कार्यालयाच्या खिडकीवर मी आडनावाचं एकेक अक्षर सांगतो तेव्हा समोरच्याला त्यातून गाव कळत नाही, आजोबा कळत नाहीत, काहीच नाही. गावच्या एसटी स्टँडवर कुणीतरी म्हातारं “कुणाचा रे तू?” विचारतं ना, त्याची इथे फार भूक लागते, आणि ती इतक्या वर्षांत कमी झालेली नाही. पण त्या प्रश्नात आपलेपणा असतो दादा, तू त्याची चाळणी करतोयस.

मुलगा शिकलेला आहे, माणसं साधी आहेत, पोरीला पसंत आहे. होकार कळवून टाका, मी सुट्टीचा अर्ज देतोय.