मायाळू होती, पण तिलाही जड जायचं

‘आजीचा स्वभावच इतका मायाळू, की आजारी माणसाचं करणं तिला कधी जड गेलं नाही’ हे एका लेखात वाचलेलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. आजोबांना अर्धांगवायू झाल्यावर माझ्या आजीने त्यांचं ६ वर्षं केलं. मायाळू ती होतीच, पण तिला जड जायचं, रोज जायचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी लागते, नाहीतर सतत दाब पडून जखमा होतात. आजी रात्रीसुद्धा गजर लावून उठायची. टाचेला किंवा माकडहाडापाशी लालसर दिसलं की बोटाने दाबून बघायची. लाली फिकी पडली नाही, तर त्या बाजूवर भार येऊ द्यायची नाही. भरवताना ताठ बसवायची, अगदी लहान घास द्यायची आणि शेवटी लुळ्या बाजूच्या गालात काही अडकलं नाही ना, ते पाहायची. हे नुसत्या प्रेमाने येत नाही हो, शिकावं लागतं. ती शिकली, तेही साठीनंतर.

तिची कंबर याच काळात गेली. आम्ही सगळे मात्र ‘आजी आहे ना’ म्हणून निर्धास्त. एक रात्र तिला सलग झोपू द्यावं, आपण जागावं, हे मला सुचलंच नाही, याचं फार वाईट वाटतं. एकदाच तिचे पाय चेपायला बसले होते. ‘राहू दे गं, त्यांची कूस बदलायची वेळ झाली,’ म्हणाली आणि भिंतीला धरून उठली.