ईएडी आलं म्हणून एच-१बी सोडू नका

आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा (कायम वास्तव्याचा) शेवटचा अर्ज, भरला, ईएडीचं, म्हणजे कामाच्या परवान्याचं, कार्ड टपालाने घरी आलं, की पुष्कळ जण एच-१बीला, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या कामाच्या व्हिसाला, रामराम ठोकतात. कंपनीलाही ते सोयीचंच, मुदतवाढीची फी वाचते आणि वकिलाचं बिलही. माझं मत उलट आहे. अमेरिकेत एच-१बी चालू ठेवता येत असेल, तर ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत ठेवावं. आणि ऑक्टोबर २०२५ नंतर तर नक्कीच.

आय-४८५ प्रलंबित असेपर्यंत देशात राहायला हरकत नसते. पण राहण्याची मुभा वेगळी आणि कामाची परवानगी वेगळी. फक्त ईएडीवर असाल, तर कार्डावरची तारीख उलटल्यावर राहता येतं, काम करता येत नाही. आधी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत गेला की जुनं कार्ड ५४० दिवस आपोआप चालायचं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या अर्जांना ती सवलत उरली नाही. वर ५ डिसेंबर २०२५ पासून आय-४८५वरच्या ईएडीची कमाल मुदत पाच वर्षांवरून १८ महिन्यांवर आली. नवा अर्ज जुनी मुदत संपण्याआधी जास्तीत जास्त १८० दिवस करता येतो. म्हणजे कार्ड येऊन वर्ष होतंय तोच पुढच्या अर्जाची तयारी. त्या सहा महिन्यांत निकाल आला नाही, तर मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी एचआर तुम्हाला कामावर घेऊ शकत नाही. तिथे वशिला चालत नाही, आय-९ची (कामाची परवानगी तपासल्याच्या नोंदीची) कागदपत्रं त्यांच्याही गळ्याशी असतात.

एच-१बीचं तसं नाही. त्याच कंपनीने मुदत संपण्याआधी मुदतवाढ दाखल केली, की निकालाची वाट पाहत २४० दिवस काम करता येतं. प्रीमियम (झटपट निकालाची जादा फी) भरलं तर कामकाजाच्या १५ दिवसांत काहीतरी उत्तर येतं (ते उत्तर कधीकधी आरएफई, म्हणजे आणखी पुराव्यांची मागणी, असतं, ते सोडा). सहा वर्षांची मर्यादा २००० सालच्या एसी-२१ कायद्याने सैल केली आहे. पर्म (कामगार खात्याकडचा पहिला अर्ज) किंवा आय-१४० (तुमच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीची याचिका) दाखल होऊन ३६५ दिवस झाले असतील तर एकेक वर्ष मिळतं. आय-१४० मंजूर आहे पण प्रायॉरिटी डेट (रांगेतली तुमची तारीख) करंट नाही, म्हणजे पाळी आली नाही, तर एकदम तीन वर्षं. नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला साधारणपणे सात टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत, म्हणून भारतात जन्मलेल्या बहुतेकांना हे तीन-तीन वर्षांचे हप्तेच तारतात. शिवाय सहा वर्षांत जितके पूर्ण दिवस देशाबाहेर काढलेत, तेही मागून घेता येतात. पासपोर्टवरचे शिक्के आणि बोर्डिंग पास जपून ठेवा.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते आय-९४मध्ये, म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत राहता येईल हे सांगणाऱ्या प्रवेशाच्या नोंदीत. आय-७९७वर (एच-१बीच्या मंजुरीपत्रावर) २०२८ची तारीख, पण पासपोर्ट २०२६मध्ये संपतो. विमानतळावरचा अधिकारी आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देऊ शकतो, आणि शेवटचं आलेलं आय-९४ खरं धरलं जातं. नवा पासपोर्ट काढला म्हणून ते आपोआप वाढत नाही. एकतर त्या तारखेआधी मुदतवाढ दाखल करा, नाहीतर नव्या पासपोर्टवर बाहेर जाऊन परत या. प्रत्येक प्रवासानंतर सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमा आणि सीमाशुल्क खात्याच्या) साइटवरून आय-९४ उतरवून तारीख वाचायची. दोन मिनिटांचं काम, पण कोणी करत नाही.

एच-१बीवर असताना नोकरी गेली, तर देशात राहायला ६० दिवस. त्याआधी आय-९४ संपत असेल तर तेवढेच. मोजणी नोकरीच्या शेवटच्या दिवसानंतर सुरू होते; सेव्हरन्सचे (नोकरी सुटल्याबद्दल मिळणारे) पैसे तीन महिने येत राहिले म्हणून घड्याळ थांबत नाही. या काळात काम करायचं नाही, पण नव्या कंपनीने याचिका दाखल केली की मंजुरीची वाट न पाहता रुजू होता येतं.

कंपनी बदलणाऱ्यांनी १८०चा आकडा दोनदा लक्षात ठेवावा. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाल्यावर जुन्या कंपनीने तो मागे घेतला, तरी त्याच्या जोरावर एच-१बी वाढत राहतं. त्याआधी मागे घेतला तर प्रायॉरिटी डेट सहसा वाचते, मुदतवाढीचा आधार जातो. दुसरे १८० दिवस आय-४८५ प्रलंबित राहिल्याचे. त्यानंतर त्याच किंवा तशाच स्वरूपाच्या कामावर जाता येतं, सप्लिमेंट-जे (नव्या नोकरीची माहिती देणारा फॉर्म) भरून. ‘तशाच’ म्हणजे पदनामाने नव्हे, कामाच्या तपशिलाने. डेव्हलपरचा मॅनेजर झालात तर कशाचे मॅनेजर, हे पाहिलं जातं.

ईएडी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. नोकरी गेली आणि एच-१बी देणारी कंपनी मिळत नाही, किंवा स्वतःचा व्यवसाय काढायचाय, तर ते वापरायलाच हवं. म्हणून अर्ज करा, कार्ड घ्या, वेळेवर नूतनीकरणही करा आणि कपाटात ठेवा.

वापरायची वेळ आलीच, तर आधी घरी बोला. तुम्ही एच-१बी सोडून ईएडीवर दुसरीकडे गेलात की जोडीदाराचं एच-४ही (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) टिकत नाही, आणि त्यावरचं ईएडीही. जोडीदाराचा स्वतःचा आय-४८५ आणि त्यावरचं वेगळं ईएडी आधी हातात असू द्या. प्रवासाचंही तेच: एच-१बी असताना पासपोर्टवरच्या वैध व्हिसा स्टॅम्पवर परत येता येतं, ते गेल्यावर अॅडव्हान्स पॅरोल (परत येण्याची आगाऊ परवानगी) मिळण्याआधी देश सोडला तर आय-४८५ सोडून दिला असं समजलं जातं.