मग पुतळा कशाचा?

ऑगस्ट लागला की ह्यूस्टनमधल्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनच विषय असतात. गणपतीची मूर्ती कुणाकडून आणायची, आणि आमच्या कॉलेजच्या, म्हणजे टेक्सस ए अँड एमच्या, अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक कोण. यंदा, म्हणजे २०२२ साली, मूर्तीचं ठरलंय.

क्वार्टरबॅकसाठी तिघे रांगेत आहेत. हेन्स किंग, मॅक्स जॉन्सन आणि कॉनर वाइगमन. ३ सप्टेंबरला सॅम ह्यूस्टन विद्यापीठाविरुद्ध पहिली मॅच आहे आणि कोच जिंबो फिशर साहेबांच्या तोंडातून अजून नाव निघालेलं नाही. पत्रकारांनी विचारलं की तिघेही छान खेळतायत. लग्नाच्या याद्या करताना मामा बोलतात तसं.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदानावर एका बाजूचे ११ जण असतात, पण जवळजवळ प्रत्येक डावात चेंडू आधी एकाच्याच हातात येतो. तो क्वार्टरबॅक. एक डाव संपला की पुढच्यासाठी ४० सेकंद. तेवढ्यात कोचने पाठवलेला डाव समजून घ्यायचा, बाकी दहा जणांना सांगायचा, समोरच्यांची मांडणी बघायची, गरज वाटली तर सगळं बदलायचं. मग चेंडू हातात आला की साधारण तीन सेकंद. तोवर सव्वाशे किलोची माणसं अंगावर येतात. क्रिकेटमध्ये पाचवा बॉलर, सहावा बॉलर, कुणाला ना कुणाला संधी मिळते. इथे दुसरा क्वार्टरबॅक म्हणजे डोक्यावर टोपी घालून सीमारेषेवर उभा. पहिल्याला काही झालं नाही तर अख्खा सीझन उभा.

आणि ‘उभा’ हा शब्द आमच्या कॉलेजात साधा नाही.

मी २००४ च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला कॉलेज स्टेशनला, म्हणजे ए अँड एमच्या गावाला, आलो. कोल्हापूरचा माणूस. फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पाटाकडील आणि दिलबहार, आणि मॅच असली की दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून निघणारे आमचे आबा. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणीही अनोळखी माणूस समोरून येताना ‘हाउडी’ म्हणायला लागला. मला वाटलं आपल्याला कुणीतरी दुसराच समजतायत. मग कळलं, हा इथला राम राम आहे.

मॅचची तिकिटं सोमवारपासून मिळायची. सोमवारी सीनियर आणि आम्ही पदव्युत्तरवाले, मग एकेक दिवस खालच्या वर्षांची पाळी. मोठ्या मॅचला पोरं आदल्या दिवसापासून तंबू ठोकून रांगेत. मॅचच्या आदल्या रात्री बारा वाजता मिडनाइट येल. हजारो लोक मध्यरात्री स्टेडियममध्ये जमून दुसऱ्या दिवशीच्या घोषणांची तालीम करतात. चीअरलीडर नाहीत. पांढऱ्या कपड्यातली पाच पोरं हाताच्या खुणा करतात आणि सगळं स्टेडियम त्या खुणांवर ओरडतं. शेवटी दिवे बंद होतात आणि ज्याने त्याने आपापल्या माणसाचा मुका घ्यायचा. ज्यांचं कुणी नाही त्यांनी लायटर पेटवायचा, म्हणजे अंधारात दुसरा लायटरवाला सापडतो. आम्ही चार मराठी पोरं. लायटर एकाकडेच, तोही गॅस पेटवायचा, लांब नळीचा. त्याचा काही उपयोग झाला नाही.

पहिल्या मॅचला सप्टेंबरचं ऊन, अ‍ॅल्युमिनियमचे तापलेले बाक. दुसऱ्या क्वार्टरमध्ये माझे पाय भरून आले आणि मी टेकलो. मागच्या ओळीतल्या पोराने खांद्यावर बोट ठेवलं. रागाने नाही, अगदी अदबीने म्हणाला, ‘सर, इथे कुणी बसत नाही.’ मी बाविशीतला, मला सर! बघितलं तर खरंच, त्या अख्ख्या बाजूला एक माणूस बसलेला नव्हता. मॅच साडेतीन तास चालली.

का उभं राहायचं, ते त्यानेच हाफटाइमला सांगितलं. २ जानेवारी १९२२. डॅलसमध्ये केंटकीच्या सेंटर कॉलेजशी सामना. सेंटर म्हणजे त्या सीझनमध्ये हार्वर्डला हरवून आलेला संघ. आमचे गडी एकामागून एक जायबंदी होऊन बाहेर. बेंचवर माणसं उरेनात. कोच डेना बायबल यांना आठवलं की ई. किंग गिल नावाचा पोरगा वर प्रेस बॉक्समध्ये बसलाय, वार्ताहराला खेळाडू ओळखून द्यायला. त्याला खाली बोलावलं. स्टँडखाली एका जखमी खेळाडूचे कपडे त्याने अंगावर चढवले आणि सीमारेषेवर येऊन उभा राहिला. सामना संपला तेव्हा बेंचवर तेवढा एकच शिल्लक होता. ए अँड एमने २२–१४ अशी मॅच मारली. तेव्हापासून विद्यार्थी अख्खी मॅच उभे असतात. आमची गरज पडली तर आम्ही तयार आहोत, म्हणून. हाच तो ‘ट्वेल्थ मॅन’. आपल्याकडे बारावा खेळाडू पाणी घेऊन पळतो, इथे त्याचा पुतळा आहे. शिवाय त्या दोन शब्दांचा ट्रेडमार्क कॉलेजच्या नावावर आहे, सिएटलच्या व्यावसायिक संघालाही ते वापरायचे होते तेव्हा आमच्याशी व्यवहार करावा लागला. परंपरा कितीही पवित्र असो, टेक्सस शेवटी टेक्सस.

ही गोष्ट मी त्याच रविवारी फोनवर आबांना सांगितली. मोठ्या उत्साहात. फोन कार्डावरची मिनिटं मोजत.

‘आरं, पण हातानं खेळत्यात न्हवं? मग फुटबॉल कसला त्यो?’

‘ते सोडा आबा. गोष्ट ऐका.’

ऐकली. मग म्हणाले, ‘बरं, मग घेतला का न्हाई त्याला खेळायला?’

‘नाही. गरजच पडली नाही.’

‘मग पुतळा कशाचा?’

मी म्हटलं, तयार राहिला ना, त्याचा. आबा गप्प. मग विचारलं, ‘पर त्यो वर काय करत हुता? टीममधला हुता तर खाली का न्हाई?’

मी सांगितलं की फुटबॉलचा सीझन संपत आल्यावर तो बास्केटबॉलच्या संघात गेला होता.

‘म्हंजे सोडून गेलता की!’

कार्ड संपलं. आबांचा तो शेवटचा शेरा मी तेव्हा हसण्यावारी नेला. अठरा वर्षांनी, या तीन क्वार्टरबॅकांच्या भानगडीत, तोच सारखा डोक्यात येतोय.

कारण आमच्या ग्रुपवर सध्या जो सूर आहे तो असा: ‘आजकालच्या पोरांना निष्ठा नाही. जागा मिळाली नाही की पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीत, नाव टाकतात आणि चालले दुसऱ्या कॉलेजला. कुठे तो गिल आणि कुठे ही पोरं.’ गेल्या वर्षी एप्रिलमध्ये नियम बदलला, आता एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर बसावं लागत नाही. जुलैपासून स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसेही घेता येतात. त्यामुळे सगळं बिघडलं, असं म्हणणं.

मला हे पटत नाही. पोरं त्याआधीही जातच होती. २०१४ साली केनी हिलने पहिल्याच मॅचमध्ये साउथ कॅरोलायनाविरुद्ध ५११ यार्डांचे पास फेकून जॉनी मॅन्झिएलचा विक्रम मोडला. जॉनी म्हणजे कोण, तर पहिल्याच वर्षी हाइजमन ट्रॉफी, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचं बक्षीस, घेऊन आलेला पोरगा. ग्रुपवर दिवाळी. नोव्हेंबरपर्यंत हिल बेंचवर आणि काइल अ‍ॅलन मैदानात. हिल टीसीयू या दुसऱ्या कॉलेजला गेला. पुढच्या वर्षी अ‍ॅलन आणि कायलर मरी, दोघांत ओढाताण. २०१५ च्या डिसेंबरमध्ये काही दिवसांच्या अंतराने दोघेही गेले. त्यातला मरी २०१८ मध्ये ओक्लाहोमाकडून हाइजमन जिंकला आणि पुढच्या वर्षी एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, खेळाडू-निवडीत पहिला निवडला गेला. २०१८ मध्ये केलन माँडने जागा घेतली, निक स्टार्कल आर्कन्सॉला गेला. तेव्हा हे नियम कुठे होते?

आणि आता झॅक कॅल्झाडा. त्याच्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण त्यात मी आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये त्याची आणि हेन्स किंगची चुरस होती. किंग जिंकला. दुसऱ्याच मॅचमध्ये कोलोरॅडोविरुद्ध किंगचा पाय मोडला. कॅल्झाडा आत आला, दिवसभर धडपडला, आणि शेवटच्या काही मिनिटांत एक टचडाउन, म्हणजे चेंडू थेट समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेणारा पास, फेकून १०–७ अशी मॅच वाचवली. म्हणजे अक्षरशः गिलची गोष्ट, फक्त याला खरंच आत जावं लागलं. पुढे आर्कन्सॉशी हरलो. २ ऑक्टोबरला मिसिसिपी स्टेटशी घरच्या मैदानावर हरलो. त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं, ‘याला बसवा. कुणालाही आणा, बँडमधल्या तुतारीवाल्याला आणा, पण याला बसवा.’ चौदा जणांनी अंगठे दिले. मला विनोद जमल्याचा आनंद झाला होता.

बरोबर सात दिवसांनी अलाबामा आली. देशात पहिल्या क्रमांकावर. कॅल्झाडाने ३१ पैकी २१ पास पूर्ण केले, २८५ यार्ड, तीन टचडाउन. शेवटची तीनेक मिनिटं असताना बरोबरी साधणारा पास टाकताना त्याच्या गुडघ्यावर माणूस पडला. तो मैदानात आडवा. मी स्टेडियममध्ये होतो, लेकीला घेऊन. तिने विचारलं, ‘बाबा, आता कोण?’ मला उत्तर माहीत नव्हतं, कारण खरंच बँडवालाच उरला होता जवळजवळ. डॉक्टरांच्या तंबूतून तो लंगडत बाहेर आला आणि चेंडू पुन्हा आमच्याकडे आला तेव्हा स्वतःच आत गेला. सेथ स्मॉलने शेवटच्या क्षणी किक मारली. ४१–३८. लोक मैदानात उतरले. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. ज्याच्या नावाने ओरडत होतो त्याला आठवड्यापूर्वी काय म्हटलं होतं ते लेकीला माहीत नव्हतं. ग्रुपवर मात्र तो मेसेज अजून आहे. मी मुद्दाम पुसलेला नाही.

सीझन संपला, किंग बरा झाला, आमच्याकडे मॅक्स जॉन्सन आला. कॅल्झाडा ऑबर्नला गेला. आणि ग्रुपवर पुन्हा: निष्ठा नाही.

अहो, कुणाची?

उभं राहण्याची शपथ बेंचवरच्या पोराने घेतलेली नाही. ती आपण घेतलीय, स्टँडमधल्यांनी. गिल सोडून गेलेला होता, हे त्या दंतकथेतलं वाक्य आम्ही दरवेळी पटकन उरकतो. तो दुसऱ्या खेळात रमला होता, त्याचं कुणी वाईट मानलं नाही, आणि हाक आली तेव्हा खाली उतरला. त्याच्या आठवणीत लाखभर लोक उभे राहतात आणि त्यातलेच निम्मे एका वाईट पासवर पोराच्या आईबापाचा उद्धार करतात. काइल फील्डवर, म्हणजे आमच्या स्टेडियममध्ये, स्वतःच्या संघाची हुर्यो करत नाहीत, हा आमचा अभिमान. बरोबर आहे, हुर्यो आम्ही फोनवर करतो.

परंपरेबद्दल मी थट्टेने लिहितोय असं वाटत असेल तर तसं नाही. मी आलो त्याच सेमिस्टरला, १८ नोव्हेंबर २००४ ला, बॉनफायरच्या, म्हणजे मॅचआधी पेटवायच्या होळीच्या, स्मारकाचं उद्घाटन झालं. पाच वर्षांपूर्वी त्याच तारखेला, पहाटे, टेक्सस विद्यापीठाशी होणाऱ्या मॅचसाठी विद्यार्थी रचत असलेली लाकडांची प्रचंड रास कोसळली होती आणि १२ जण गेले होते. नव्वद वर्षांची परंपरा. कॉलेजने ती थांबवली. स्मारकात बारा दारं आहेत, प्रत्येक दार त्या त्या मुला-मुलीच्या गावाच्या दिशेला उघडतं. मी तिथे गेलो की बोलत नाही. एवढंच म्हणेन की परंपरा बदलल्याने कॉलेज संपलं नाही.

असो. यंदाचं बोलू. किंगचे वडील लाँगव्ह्यूला हायस्कूलचे कोच, पोरगा वाऱ्यासारखा पळतो, पण गेल्या वर्षी केंट स्टेटविरुद्ध त्याने तीन पास समोरच्यांच्या हातात दिले होते. वाइगमन आमच्या शेजारच्या सायप्रसचा, बेसबॉलही खेळतो. अठरा वर्षांचा आहे, त्याला वर्षभर बघू द्या. जॉन्सन डावखुरा, वडील ब्रॅड जॉन्सन टँपा बेला सुपर बोल जिंकून देणारे, धाकटा भाऊ जेक यंदा बरोबरच आलाय. गेल्या वर्षी एलएसयू या कॉलेजकडून २७ टचडाउन आणि समोरच्यांच्या हातात फक्त सहा पास. आणि नोव्हेंबरमध्ये २० सेकंद राहिले असताना टचडाउन फेकून आम्हाला २७–२४ असं हरवलं तेही यानेच. त्या रात्री मी त्याच्याबद्दल जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. आता माझं मत त्यालाच. जिंबो मात्र किंगला घेतील असं वाटतं. त्यांना पळणारा हवा असतो.

जे बेंचवर राहतील त्यांतला एखादा डिसेंबरात दुसऱ्या कॉलेजला जाईल. जाऊ दे बापडा.

बायकोला हा सगळा लेख वाचून दाखवला. ती म्हणाली, ३ तारखेला काय आहे लक्षात आहे ना? शनिवार. त्याच दिवशी गौरी येतायत. मी म्हटलं, मॅच दिवसाची आहे, नव्वद मैल, संध्याकाळी आवाहनाला घरात हजर असेन, शब्द देतो. तिने आघाडा आणि तेरड्याची यादी माझ्या हातात ठेवली. वर म्हणाली, ‘ये. पण दिवसभर उभं राहून पाय दुखले म्हणून आरतीला सोफ्यावर बसलास तर बघ.’